शितावरून ज्वालामुखीची परीक्षा

भात शिजला का, हे पाहायला आपण अख्खं पातेलं उपसत नाही. दोन-चार शितं दाबून पाहतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापक सूझी बायार्री यांनी असंच काहीसं ज्वालामुखीच्या बाबतीत केलं.

कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेरात बेटावरचा सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी १९९५ मध्ये जागा झाला. राजधानी प्लिमथ रिकामी करावी लागली. २५ जून १९९७ रोजी तापलेल्या राखेच्या आणि दगडांच्या लोंढ्यांनी १९ जणांचा बळी घेतला. मागे उरलेल्यांपुढे प्रश्न होता, राहायचं तरी कुठे?

असा लोंढा डोंगरावरून कुठवर जाईल, हे दाखवणारा संगणकी प्रोग्रॅम होता. पण तो एकदा चालवायलाही बराच वेळ लागायचा. लोंढा केवढा, कोणत्या दिशेला, अशा शक्यता तर असंख्य. सगळ्या तपासणार कधी?

बायार्री आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी तो मोजक्याच वेळा चालवला. मिळालेल्या उत्तरांवरून, न तपासलेल्या शक्यतांचा अंदाज देणारं संख्याशास्त्रीय मॉडेल बांधलं. याला 'एम्युलेटर' म्हणतात. अंदाज किती खात्रीचा आहे, हेही तो सांगतो. तपासलेल्या शक्यतेच्या जवळ खात्री जास्त, दूर गेलं की कमी.

पण शितं कुठली निवडायची? छोटा लोंढा गावापर्यंत येत नाही, प्रचंड लोंढा येणारच. खरी अडचण मधल्या सीमेवर. म्हणून त्यांनी चाचण्यांचा भर त्या सीमेजवळ ठेवला. त्याला आधीच्या लोंढ्यांच्या नोंदींची जोड दिली आणि येत्या वर्षांत प्लिमथ आणि जुन्या विमानतळाला किती धोका आहे, याचा हिशोब मांडला. हे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याआधी, २००७ मध्ये, संगणकाचं मॉडेल खऱ्या जगाशी किती जुळतं हे तपासण्याची पद्धतही त्यांनी सहकाऱ्यांसह मांडली होती. २०१४ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

घरातलं एखादं मूल "गणित शिकून काय उपयोग?" म्हणून कुरकुरलं, तर त्याला या बेटाची गोष्ट सांगा. आणि पुढच्या वेळी कुणी मोबाइलवरचा एखादा अंदाज दाखवला, तर एवढंच विचारा, "हे किती खात्रीने?"