मॉरिशसला खायचं कुठे?



मॉरिशसहून परतल्यापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात आम्हाला दोनच प्रश्न येतात. "समुद्र कसा होता?" आणि "शाकाहारी माणसाचे हाल होतात का हो?" समुद्राचे फोटो केव्हाही घरी येऊन बघा. दुसर्‍या प्रश्नाचं उत्तर असं, की हाल होतात, पण हॉटेलात. रस्त्यावर नाही!

आमची चूक झाली ती बुकिंग करतानाच. सोय होईल म्हणून दोन्ही वेळच्या जेवणासकट पॅकेज घेतलं. बरोबर आई होती, अंडंसुद्धा न खाणारी. पहिल्या रात्री बुफेत भाजीच्या रश्श्यात मासळीचा तुकडा निघाला आणि तिचा त्या स्वयंपाकघरावरचा विश्वासच उडाला. पुढचे तीन दिवस पाव, लोणी आणि अननस. चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "तुम्ही फिरा, मला आपली परत पाठवा." सगळी सहल तिथेच आटोपणार होती. टॅक्सीवाल्याला आम्ही अडचण सांगितली, तर त्याने काही न बोलता गाडी पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटकडे घेतली.

तिथे मिळते ती 'ढोल पुरी'. नाव पुरी असलं तरी तळलेली नव्हे. पुरणपोळी डोळ्यांसमोर आणा, त्यातला गूळ काढून टाका. पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून शिजवायची, गाळ होऊ द्यायची नाही, कोरडी वाटायची, भाजलेल्या जिर्‍याची पूड घालायची आणि मैद्याच्या उंड्यात भरून पातळ लाटून तव्यावर भाजायची. दोन पुर्‍यांची जोडी मिळते. आत डबल बीची दाटसर आमटी, टोमॅटोचा 'रुगाय', कोथिंबिरीची चटणी, हवी तर मिरची, आणि कागदात गुंडाळून हातात! आईने उभ्याउभ्या दोन जोड्या खाल्ल्या आणि म्हणाली, "पीठ चांगलं मुरलंय." (हे तिचं सर्वोच्च प्रशस्तिपत्रक.) चौघांचं जेवण हॉटेलातल्या एका कॉफीच्या पैशात झालं.

ही पुरी आली भोजपुरी मजुरांबरोबर. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्तानातून करारावर माणसं आणली गेली. ती जिथे उतरली तो आप्रवासी घाट मार्केटपासून पायी जाण्याइतका जवळ आहे (2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, जरूर बघा). त्यांत रत्नागिरीकडचे आपले लोकही होते. शेजारी पुरी खात उभ्या असलेल्या एका बाईंनी आमचं बोलणं ऐकून "तुम्ही मराठी?" असं विचारलं, तेव्हा आई घास हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिली. त्या शाळेत मराठी शिकलेल्या, घरी क्रिओल बोलणार्‍या. पुढचा पाऊण तास आम्हाला कोणी विचारलं नाही.

मार्केटमध्येच 'आलुदा' प्या. दूध, सब्जा आणि चायना ग्रासचा कीस, म्हणजे फालुद्याचा भाऊच. सकाळी गेलात तर 'गातो पिमां' घ्या. नाव फ्रेंच, वस्तू आपला डाळवडा! लोणी लावलेल्या पावात घालून खातात. वडापावाची आठवण येते, पण तुलना करू नये. समुद्रकिनारी अननस सोलून देठासकट देतात, वर मीठ, मिरची आणि चिंच. मुलांनी दुसरं काही मागितलंच नाही.

ढोल पुरीसाठी रोज हिलचं 'देवा' हे नाव तिथे सगळ्यांच्या तोंडी आहे. आम्हीही गेलो, रांगेत उभे राहिलो, आणि रांग उगाच नव्हती. दुपारी उशिरा जाऊ नका. चांगल्या गाड्यांवरचा माल संपतो. रोज हिल आणि क्युरपिपला गुरुवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद असतात, हेही ध्यानात ठेवा. माएबूरचा बाजार सोमवारचा.

शाकाहारींनी दोन ठिकाणी सांभाळावं. रुगायमध्ये कधीकधी खारवलेली मासळी असते, आणि 'मिन फ्री' म्हणजे परतलेल्या नूडल्समध्ये भाज्या दिसल्या तरी सॉस बहुधा कालवांचा किंवा मासळीचा असतो. "सां लाव्यान, सां प्वासों" (मांस नको, मासळी नको) एवढं क्रिओल पाठ करा. आईने ते दोन दिवसांत आमच्यापेक्षा चांगलं म्हणायला सुरुवात केली.

मासे खाणार्‍यांनी 'विंदाय' सोडू नये. मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगर लावलेले तळलेले मासे. गोव्याच्या विंदालूचंच हे नातेवाईक, फक्त लाल न होता पिवळं झालेलं. थंड, पावात घालून जास्त छान लागतं. शामारेलच्या रेस्टॉरंटांबद्दल ऐकलं होतं तसं जेवण मिळालं, देखावा जेवणाहून सरस.

परतायच्या आदल्या दिवशी माएबूरला राँच्या... चुकलो, 'रो' यांच्या कारखान्यात गेलो. 1870 पासून तिथे मानिओकची बिस्किटं करतात, उसाच्या पाचटाच्या जाळावर भाजून. मानिओक म्हणजे ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तोच. हे कळल्याबरोबर आईने ती उपासाला चालतात असा निर्णय दिला आणि सहा पुडे घेतले. कोणीही वाद घातला नाही.