घर मुलांच्या नावे करण्याआधी

महाराष्ट्रात राहते घर मुलामुलींना बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. त्यामुळे अनेक आईवडील हयातीतच घर देऊन मोकळे होतात. ही घाई मला धोक्याची वाटते. बक्षीसपत्र नोंदले की मालकी त्याच वेळी जाते. मृत्युपत्र मात्र शेवटपर्यंत कितीही वेळा बदलता येते. त्याला दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही.

तरीही बक्षीसपत्रच करायचे असेल, तर 'आमच्या मूलभूत गरजा व देखभाल पाहण्याच्या अटीवर' हे वाक्य त्यात लिहून घ्याच. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 23 या अटीवरच उभे आहे. अट मोडली, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. अट नसेल तर हे कलम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले. 2025 च्या एका निकालात मात्र, मुलाने वेगळे लिहून दिलेले वचनपत्र धरून आईचे बक्षीसपत्र रद्द झाले.

शिवाय घरात हयातभर राहण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवता येतो. वकिलाला तो आवर्जून लिहायला सांगा, पतिपत्नी दोघांच्याही नावाने.