ओलांड्यातली ठेव

एका वर्षी, मे महिन्यात, तासगावजवळच्या आमच्या बागेत खालची पाने फिकट दिसली म्हणून मी युरियाचा जादा हात दिला. शेंडे असे पळाले की मांडवाखाली ऊन उतरेना. ऑक्टोबरात गोडी छाटणी केली, डोळे फुटले आणि पुष्कळ काड्यांवर घडांच्या जागी नुसत्या बाळ्या आल्या.

हिशेब चुकला कुठे, हे समजायला नत्राचा वेलीतला प्रवास पाहावा लागतो. मातीत युरियाचे आधी अमोनियम होते, मग जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. मुळे ते शक्ती खर्चून आत ओढतात. त्यातले काही मुळांतच आणि काही पानांत गेल्यावर अमोनियात बदलते. अमोनिया साचला तर पेशीला घातक. म्हणून वेल तो लगेच ग्लुटामेटला जोडून ग्लुटामाइन करते. शेंड्याला नत्र कमी पडले तर ती म्हाताऱ्या पानांतले काढून वर पाठवते. खालचे पान पिवळे पडते ते यामुळे. मात्र दाट मांडवात सावलीनेही ते तसेच पिवळे पडते. मी पाहिले ते यातले कोणते, हे न तपासताच पोते फोडले होते.

उरलेले नत्र मुळांत, खोडात, ओलांड्यांत आर्जिनिन होऊन साठते. ठेवीसाठी हा रेणू सोयीचा, एकात नत्राचे चार अणू! छाटणीनंतर झाडावर पान नसते, तेव्हा पहिले कोंब मुख्यतः या ठेवीवर वाढतात. त्या दिवसांतला युरिया त्यांच्यापर्यंत उशिराच पोचतो.

आणि घड? तो ऑक्टोबरात फक्त दिसतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत डोळ्याच्या आत त्याचा अंकुर ठरतो. घड आणि बाळी एकाच अंकुरातून होतात. काडीवर ऊन असेल, वाढ आवरलेली असेल तर घड. नत्राच्या जोरावर शेंडा पळाला, सावली पडली तर बाळी.

म्हणून पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी याच सुमारास देठ तपासण्यावर भर असतो. त्यातही एक मेख आहे. पानात नायट्रेट जिरवायला उन्हाची शक्ती लागते. आभाळ भरलेले राहिले की ते देठात तसेच पडून राहते. त्या दिवशी तोडलेला देठ वेल तृप्त असल्याचे सांगतो, पान मात्र उपाशी असू शकते.

मी आता देठ तोडायला उघडीप पाहून जातो.