जुन्या गाडीचे शॉकअप : रस्ता, ट्रॅक आणि दोन्हींचा हिशेब

आजचा विषय छोटा वाटतो, पण खिसा आणि जीव दोन्हीशी जोडलेला आहे. जुनी गाडी आहे, रोज सात रस्ता ते होटगी रोड फिरते, आणि वर्षातून एक-दोनदा हौसेनं रेस ट्रॅकवरही न्यायची आहे. तिचे शॉकअप गेलेत. आता नवे कोणते बसवायचे?

उदाहरणाला आपण प्रीमियर पद्मिनी घेऊ. एक तर ती आपल्या घरातली गाडी. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, इथला, सोलापूरचा. त्यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनली आणि पुढे तीच पद्मिनी झाली. दुसरं म्हणजे या फियाट गाड्या शर्यतीला नव्या नाहीत; चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हा त्या तिथं पळायच्या. आणि तिसरं, हिची रचना समजायला सोपी आहे. पुढं विशबोन आणि गोल स्प्रिंग, मागं सरळ ॲक्सल आणि कमानीचे पाटे, चारही चाकांना नळीचे शॉकअप. मारुती ८०० किंवा झेन असेल तरी आजचा हिशेब तोच. फक्त पुढं स्ट्रट येतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही. वजन उचलते स्प्रिंग, नाहीतर पाटा. स्प्रिंग दाबली की ती उसळणार, उसळली की पुन्हा खाली येणार, आणि मोकळी सोडली तर बराच वेळ डोलत राहणार. ते डोलणं मोडणं हे शॉकअपचं काम. आतला दट्ट्या तेलातून जातो, तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकललं जातं, आणि हालचालीची उष्णता होते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो. तो काम करतोय, एवढाच त्याचा अर्थ.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. वळणावर गाडी कलते म्हणून कडक शॉकअप टाकणारे पुष्कळ आहेत. पण लांब वळणावर गाडी शेवटी किती कलणार, हे स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार ठरवतात. शॉकअप फक्त ती किती सावकाश कलणार ते ठरवतो. तक्रार कलण्याची असेल तर पैसे दुसरीकडं खर्च करा.

आता थोडं गणित. घाबरू नका, आकडे समजायला सोपे म्हणून गोल धरलेत. एका चाकावर गाडीचा २०० किलो भार आहे असं समजा. स्प्रिंग अशी, की चाकापाशी एक मिलिमीटर दाबायला साधारण २ किलोचा जोर लागतो. असा कोपरा सेकंदाला साधारण १.६ वेळा डोलतो. गाडी दाबून सोडली आणि ती जागेवर येऊन थांबली, पुढं अजिबात गेली नाही, इतका घट्ट शॉकअप हवा असेल तर दट्ट्याच्या सेकंदाला एक मीटर वेगाला ४००० न्यूटन, म्हणजे ४०० किलोच्या आसपास विरोध लागेल. याला आपण पूर्ण माप म्हणू.

रस्त्यावरच्या साध्या गाडीत या मापाचा पाव ते तिसरा हिस्सा ठेवतात. गुळगुळीत ट्रॅकवरच्या गाडीत साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जातात. आपल्या उदाहरणात रस्त्याचा शॉकअप १२०० न्यूटनचा, ट्रॅकचा २६०० चा. म्हणजे खड्ड्याच्या झटक्यात, दट्ट्या सेकंदाला एक मीटर वेगानं जातो तेव्हा, पहिला १२० किलोनं अडवतो आणि दुसरा २६० किलोनं. पण त्या कोपऱ्यावरचा भारच २०० किलो! चाक खड्ड्यात उतरताना त्याला खाली ढकलायला स्प्रिंगकडं जवळपास तेवढाच जोर असतो. शॉकअप २६० किलोनं अडवणार म्हटल्यावर चाक त्या वेगानं खाली जाणारच नाही. ते हवेत लटकतं. आणि लटकलेल्या चाकाला ना ब्रेक, ना स्टिअरिंग. लोक म्हणतात, 'गाडी कडक झाली, आता रस्ता धरते.' आपल्या रस्त्यांवर बरोबर उलटं होतं.

आपले रस्ते म्हणजे कसे? सोलापूर जिल्ह्यात काळी माती भरपूर. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, आणि वरच्या डांबराला लाटा येतात. ताशी ८० किलोमीटरनं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. लाटांमधलं अंतर १४ मीटरच्या आसपास असेल तर सेकंदाला १.६ लाटा लागतात. म्हणजे नेमकी गाडीची स्वतःची डोलण्याची चाल! झोक्याला दर खेपेला ढकलावं तसं होतं. तिथं मेलेला शॉकअप असेल तर गाडी होडीसारखी हलते. तिथं घट्टपणा हवाच. पण त्याच रस्त्यावर दोन-दोन मीटरवर ठिगळं असतील तर सेकंदाला अकरा दचके बसतात. तिथं घट्ट शॉकअप चाकाला उडवतो. एकाच रस्त्याच्या या दोन मागण्या, आणि दोन्ही खऱ्या.

मग वाट कुठली? वाट झडपेत आहे. ट्रॅकवर वळताना, ब्रेक मारताना भार इकडून तिकडं जातो तेव्हा दट्ट्या सावकाश हलतो. खड्ड्यात तो झपकन जातो. म्हणून ज्याची झडप सावकाश हालचालीला घट्ट राहते आणि झटका बसला की उघडून तेल मोकळं सोडते, असा शॉकअप दोन्हीकडं चालतो. दुकानात फक्त 'हार्ड आहे का' असं विचारू नका. 'सावकाश हालचालीला किती, झटक्याला किती, दाबताना किती, उसळताना किती' असं विचारा. बनवणाऱ्याकडं याचा आलेख असतो. मिळाला तर मागून घ्या.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय : गॅसचा घ्यावा की तेलाचा? तेल दोन्हींत असतं. साध्या शॉकअपमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. सतत मार बसला की तेलात हवा मिसळते, फेस होतो, आणि विरोध कमी पडतो. त्यावर उपाय म्हणून त्यातच कमी दाबाचा नायट्रोजन भरतात; रस्त्याला आणि कधीमधी ट्रॅकला हा पुरतो. एका नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि जास्त दाबाचा गॅस यांच्यामध्ये सरकता दट्ट्या असतो. तेलाची नळी थेट वाऱ्याला लागते, म्हणून तो लवकर थंड होतो. ट्रॅकवर फेरीमागून फेरी मारताना त्याचा उपयोग कळतो. पण त्याच नळीत दट्ट्या सरकत असल्यामुळं दगड लागून पोचा पडला की खेळ खलास. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरून थोडा पोचा पडला तरी आतली नळी वाचू शकते. खडीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

आणखी एक. ट्रॅकसाठी स्प्रिंग दुप्पट कडक केली आणि शॉकअप तोच ठेवला तर? पूर्ण माप साधारण १.४ पट वाढतं. म्हणजे काल जो ३० टक्के होता तो आज २१ टक्क्यांवर येतो. गाडी कडक, तरी डोलणारी. गाडी खाली बसवली असेल तर आणखी अडचण : जुन्या लांबीच्या शॉकअपला दाबायला जागाच उरत नाही, रबरी स्टॉपरवर आदळून गचका थेट बॉडीत. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप यांचं ठरवायचं एकत्र.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी बुश, बॉल जॉइंट, पाट्यांची कमान आणि टायर तपासा. ढिल्या बुशवर महागडा शॉकअप म्हणजे फाटक्या पिशवीत दूध. मग गाडी उभी असतानाचं दोन्ही टोकांमधलं अंतर मोजा, आणि शॉकअप पूर्ण दाबून व पूर्ण ओढून किती लांबीचा होतो ते पाहा. वर-खाली दोन्हीकडं पुरेशी जागा हवी. टोकाचे बोल्ट आणि डोळे जुळतात का बघा. घेताना एका ॲक्सलचे दोन्ही घ्या, एकच कधीही नको. जाड तेल भरून दिलेला रिकंडिशन शॉकअप टाळा. झडप तीच जुनी असते, आणि जाड तेल खड्ड्याच्या झटक्याला नको तेवढं अडवतं. दोन नळ्यांचा शॉकअप आडवा ठेवलेला असेल तर बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, म्हणजे आतली हवा वर निघते. आणि डोळ्याच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत आवळले तर रबराला कायमचा पीळ बसतो.

शेवटचा मुद्दा निवडीचा. आपल्याला मद्रासचा ट्रॅक आठशे-नऊशे किलोमीटरवर. त्यासाठी गाडी चालवत नेली तर ट्रॅकवर जेमतेम शंभर किलोमीटर पळणार आणि रस्त्यावर जाऊन-येऊन त्याच्या पंधरा-वीसपट. ट्रॅकवर डोक्याला हेल्मेट असतं, झेंडा दाखवणारा माणूस असतो, ॲम्ब्युलन्स उभी असते, समोरून ट्रक येत नाही. रात्री अक्कलकोट रोडला यातलं काही नसतं, आणि मागच्या सीटवर घरची माणसं असतात. म्हणून कंपनीच्या मूळ मापापेक्षा सावकाश हालचालीला थोडा घट्ट, झटक्याला मोकळा, शक्य असेल तर उसळण्याचा घट्टपणा कमी-जास्त करता येणारा शॉकअप घ्या. ट्रॅकवर पोचल्यावर थोडा आवळा, निघताना आठवणीनं सैल करा. फेरीला एखादा सेकंद जास्त लागेल. लागू द्या. तो सेकंद ट्रॅकवर गमावलेला परवडतो. रस्त्यावर चाकाची पकड गमावलेली परवडत नाही.