कृषि महाविद्यालयाच्या प्रवेशाची पूर्वमशागत

मृगाचा पाऊस पडल्यावर नांगर जुंपणारा शेतकरी शोधून सापडावयाचा नाही. नांगरट उन्हाळ्यातच उरकली पाहिजे आणि ढेकळे उन्हात चांगली तापली पाहिजेत, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु तोच शेतकरी आपल्या मुलास वा मुलीस कृषि महाविद्यालयात पाठविण्याचे मनात आणतो, तेव्हा बारावीचा निकाल हाती पडेपर्यंत स्वस्थ राहतो आणि निकालानंतरच्या थोडक्या दिवसांत तहसील कचेरी, सेवा केंद्र व पडताळणी समिती यांच्याकडे खेपा घालू लागतो. गुण पुरेसे असूनही कागद अपुरा पडल्यामुळे हातची जागा गेली, असे प्रकार दरवर्षी कानी येतात. यास्तव बारावीचे वर्ष जूनमध्ये सुरू होते त्याच वेळी कोणती कामे हाती घ्यावी आणि कोणती मुद्दाम मागे ठेवावी, याचा विचार येथे करावयाचा आहे. ग्रामपातळीवरील सेवकांनी तो आपल्या गावातील कुटुंबांपर्यंत पोहोचवावा.

राज्यात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे चार कृषि विद्यापीठे आहेत व प्रत्येकाच्या कक्षेत शासकीय आणि विनाअनुदानित महाविद्यालये आहेत. पदवी चार वर्षांची. खरिपाच्या हंगामात जे कृषिदूत व ज्या कृषिकन्या आपल्या गावी मुक्कामास येऊन बीजप्रक्रिया व माती परीक्षणाची प्रात्यक्षिके करून दाखवितात, ते याच अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षाचे विद्यार्थी होत. बारावीच्या मुलामुलींची त्यांच्याशी गाठ घालून द्यावी. प्रवेशाची खरी हकीकत त्यांच्याइतकी ताजी दुसऱ्या कोणापाशी नसते. कृषि पदवीखेरीज उद्यानविद्या, वनशास्त्र, अन्नतंत्रज्ञान, कृषि अभियांत्रिकी याही शाखा आहेत. पशुवैद्यकाचा मार्ग मात्र निराळा आहे. त्यासाठी ‘नीट’ ही अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते आणि तिचा अर्जही वेगळा भरावा लागतो. ही गोष्ट वेळेवर न कळल्याने पशुवैद्य होऊ इच्छिणाऱ्या काही मुलांचे वर्ष फुकट जाते.

कृषि पदवीसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘सीईटी’, आवश्यक आहे. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांच्या जोडीस गणित अथवा जीवशास्त्र घेतले तरी कृषि पदवीस चालते. कृषि अभियांत्रिकीस गणित हवे. परीक्षा २०० गुणांची असते. तीत चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, सबब एकही प्रश्न कोरा सोडू नये. प्रश्नांपैकी सुमारे एक पंचमांश अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. अकरावीचे पुस्तक रद्दीत घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गणिताखेरीज इतर विषयांची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मागता येते, परंतु ही निवड अर्ज भरतेवेळीच करावयाची असते. परीक्षा संगणकावर होते. ज्या मुलाने माऊस कधी हाती धरला नाही, त्याची पहिली दहा मिनिटे त्यातच जातात. म्हणून शाळेतील संगणक कक्षात आधी सराव व्हावा.

आता कागदांकडे वळू. राखीव प्रवर्गातील कुटुंबांनी प्रथम क्रमांक जातवैधता प्रमाणपत्रास द्यावा. जातीचा दाखला हातात आहे म्हणजे काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. २००० सालच्या राज्य अधिनियमानुसार त्या दाखल्याची पडताळणी समितीकडून व्हावी लागते आणि प्रवेशाच्या वेळी विचारला जातो तो हा दुसरा कागद. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिफारशीसह हा अर्ज अकरावीतच करावा. निदान बारावीच्या पहिल्या सत्राच्या पुढे तो जाऊ देऊ नये. अनुसूचित जमातींच्या समित्या प्रत्येक जिल्ह्यात नाहीत, तेव्हा त्या कुटुंबांनी प्रवासाचा व खोळंब्याचा काळही धरून चालावे.

समिती पुरावा मागते तो जुन्या काळाचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या पूर्वीची नोंद दाखवावी लागते. आजोबा शाळेत गेले असतील तर प्राथमिक शाळेच्या जुन्या नोंदवहीचा उतारा पुरतो. ते शाळेत गेले नसतील तर चुलत आजोबांची किंवा आजोबांच्या बहिणीची नोंद शोधावी; पित्याकडील रक्ताच्या नात्यातील कोणाचीही नोंद उपयोगी पडते. तीही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही पाहावी. हिलाच जुनी माणसे कोतवाल बुक म्हणतात व तिचा क्रमांक गाव नमुना १४ असा आहे. तीतील नोंदी पुष्कळदा मोडी लिपीत असतात, त्यांचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे लागते. या कामास किती आठवडे लागतील हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते आधी सुरू करावयाचे. वडील, चुलते वा सख्खे भावंड यांपैकी कोणास पूर्वी वैधता मिळाली असेल तर तो कागद सर्वांत प्रबळ होय; तो घरात कोठे ठेवला आहे याचा शोध आजच घ्यावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांना ना जमीन होती ना शाळा, त्यांच्यापाशी कागद सर्वांत कमी असतो, आणि कागदाची अडचणही त्यांनाच सर्वांत जास्त भोगावी लागते. गावोगाव फिरलेल्या कुटुंबाची नोंद कोणत्या गावी सापडेल हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नसते. अशा घरी अर्जाचा नमुना देऊन ग्रामसेवकाने मोकळे होऊ नये. म्हाताऱ्या माणसांशी बसून कोणत्या साली मुक्काम कोठे होता, मुलांची नावे कोणत्या शाळेत घातली होती, याची टिपणी करावी व त्या गावच्या मुख्याध्यापकांस पत्र द्यावे. शासन कधी कधी वैधता सादर करण्यास मुदतवाढ देते, हे खरे. ती मिळेलच असे समजून चालणे म्हणजे परतीच्या पावसाच्या भरवशावर खरिपाची पेरणी लांबविणे होय.

ऊसतोडणी कुटुंबांचा प्रश्न याहून तातडीचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कारखान्यांकडे निघतात ते उन्हाळ्यातच परततात. मूल वसतिगृहात वा आजीपाशी राहते, परंतु वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावयास बाप गावात नसतो. या घरांची कामे गणेशोत्सवाच्या आत मार्गी लागतील असा कटाक्ष ठेवावा.

दुसरा महत्त्वाचा कागद सातबाराचा. शेतकऱ्यांच्या व भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांना कृषि शाखेच्या प्रवेशात गुणांचा अधिभार देण्याची पद्धत अनेक वर्षांपासून चालत आली आहे. तो किती व कोणत्या नमुन्यातील दाखल्यावर मिळतो, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. भूमिहीनांनी तहसीलदारांचा दाखला घ्यावा. अडचण येते ती निराळीच. आजोबा वारून दहा वर्षे लोटली तरी सातबारावर नाव त्यांचेच असते, वडिलांचे नसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे वारसाहक्काने मिळालेल्या जमिनीची खबर तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. तलाठी, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफाराची नोंद घेऊन हितसंबंधितांस नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वाद नसेल तर काम महिन्याभराचे असते. पण पुष्कळ घरी वारसनोंद अडते ती बहिणींची नावे लावावी लागतील या धास्तीने. बहिणींचा हक्क कायद्याने आहे, तो नोंद टाळल्याने बुडत नाही. अडून बसते ते मात्र घरातील शिकणारे मूल. जूनमध्ये हे काम काढले तर दिवाळीपर्यंत उतारा स्वच्छ होतो.

वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाचा दाखला हाही आधीच काढून ठेवण्याजोगा आहे. त्याची मुदत संपत नाही.

उलटपक्षी काही कागद फार आधी काढल्यास निरुपयोगी ठरतात. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, ज्यास सर्वजण ‘नॉन-क्रीमी लेयर’ म्हणतात, ते प्रवेशवर्षाच्या अखेरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. सबब ही दोन्ही कामे बारावीची परीक्षा आटोपल्यावर, १ एप्रिल उलटताच करावी. जूनमध्ये सेवा केंद्रापुढे जी रांग लागते ती एप्रिलमध्ये नसते. या प्रमाणपत्राची आठ लाखांची मर्यादा मोजताना शेतीचे व पगाराचे उत्पन्न धरावयाचे नसते, ही बाब पुष्कळ शेतकऱ्यांस ठाऊक नाही. द्राक्षाचे वा उसाचे बिल मोठे आले म्हणून आपण अपात्र झालो, अशी समजूत करून घेऊन कित्येकजण अर्जच करीत नाहीत. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचे राज्याचा व केंद्राचा असे दोन नमुने आहेत. केंद्राच्या नमुन्यास ५ एकर व त्याहून अधिक शेतजमीन असलेले कुटुंब अपात्र ठरते. कोणत्या प्रवेशासाठी कोणता नमुना लागतो हे विचारूनच अर्ज द्यावा.

नावातील फरक हा क्षुल्लक दिसणारा पण त्रासदायक दोष. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव एक, आधारवर दुसरे, बँकेच्या पुस्तकात तिसरे, असे सर्रास आढळते. विद्यार्थी शाळेत शिकत असताना शाळेच्या नोंदवहीतील दुरुस्ती त्या मानाने सुलभ असते. शाळा सोडल्यावर ती जिकिरीची होते. जून-जुलैमध्ये एका रविवारी सर्व कागद ओसरीवर मांडून अक्षर अक्षर ताडून पाहावे. घरात वाचता येणारे दुसरे कोणी नसेल तर हे काम खुद्द विद्यार्थ्याने करावे.

अर्ज भरावयाचा तो संगणकावरूनच. तालुक्याच्या गावी अर्ज भरून देणारे पुष्कळ आहेत व त्यांतील बरेच प्रामाणिकही आहेत. तथापि अर्जात मोबाईल क्रमांक दुकानदाराचा लिहिला गेला की पुढील प्रत्येक सूचना त्याच्याकडे जाते आणि जागा मिळाल्याचे घरी कळते ते मुदत टळल्यावर. क्रमांक घरचाच द्यावा, तो प्रवेश पुरा होईपर्यंत बदलू नये, आणि परवलीचा शब्द वहीत लिहून वही पेटीत ठेवावी. महाविद्यालयांचा पसंतीक्रम लिहिताना जवळचे म्हणून विनाअनुदानित महाविद्यालय वर व दूरचे म्हणून शासकीय खाली, असे न पाहता करू नये. चार वर्षांच्या शुल्कातील अंतर बसभाड्याहून कितीतरी मोठे असते.

खर्चाविषयी. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाचे असून पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात, म्हणून विद्यार्थ्याच्या नावाचे खाते आधी उघडावे. अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव तीस दिले आहे. इतर मागास, आर्थिक दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास या घटकांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्यात आले आहे. ही सवलत केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांनाच मिळते. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेस मिळत नाही.

अभ्यासाच्या वेळेचा प्रश्न शेतीच्या कामाशी जोडलेला आहे. शेतकऱ्याच्या मुलाने शेतातले काम अजिबात करू नये, असे आमचे मत नाही. जो पुढे शेतीशास्त्र शिकणार त्याने वाफसा म्हणजे काय हे पायाने जाणलेले बरे. पण बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि हरभऱ्याची काढणीही त्याच सुमारास येते. त्या दिवसांपुरते सावडीने किंवा मजुरीने माणूस पाहावे. मुलींच्या बाबतीत हे अधिक निक्षून सांगावे लागते, कारण शेतातून सुटका झाली तरी पाणी व स्वयंपाक त्यांच्याकडेच राहतो आणि त्यास काम म्हणून कोणी मोजत नाही. परीक्षेनंतर सीईटीपर्यंतचे आठवडे मोलाचे असतात. लग्नसराईतील पाहुणचारात ते जाऊ नयेत.

प्रवेश मिळून महाविद्यालयात हजर होण्याच्या दिवशी सर्व कागदांच्या मूळ प्रती बरोबर न्याव्यात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला तेथे जमा होतो, म्हणून त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवाव्यात. जातवैधता प्रमाणपत्राची एक प्रत घरी पेटीत राहू द्यावी. धाकट्या भावंडाच्या अर्जास तीच जोडावयाची आहे.