गावाची नोंदवही मागून पाहा

1970 च्या दशकात कर्नाटकातल्या कागद गिरण्यांना बांबू पुरेना. ठपका आला गावकऱ्यांच्या गुरांवर. शहानिशा करायला गेलेल्या परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांना गावकऱ्यांनी वेगळंच सांगितलं : तोडणीवाले बेटाच्या बुडाचं काटेरी जाळं साफ करतात, कोवळे कोंब उघडे पडतात आणि जनावरं ते फस्त करतात. वनखात्याच्या लेखी मात्र ही साफसफाई बांबूच्या भल्याचीच होती. गाडगीळांनी रानात मोजमाप केलं. गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं.

हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्र शिकून आलेल्या या पुणेकर शास्त्रज्ञाने पुढे हीच रीत धरली. लोकांना ऐकवायचं, तसंच त्यांचं ऐकून, पडताळून लिहूनही ठेवायचं. त्यातून 1990 च्या दशकात लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना आकाराला आली. 2002 च्या जैवविविधता कायद्यानंतर प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि अशी नोंदवही असणं बंधनकारक झालं.

पालघर जिल्ह्यातल्या पाम, बोईसर, तारापूर या पट्ट्यात अशा नोंदवहीत लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. एका अंगाला कारखाने आणि अणुवीज केंद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, खाजण आणि रान. पावसाच्या तोंडावर पालघरच्या बाजारात आदिवासी बाया शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळ म्हणजे सुरणाच्या कुळातल्या रानकंदाचा फुलोरा. पान फुटण्याआधीच तो जमिनीतून वर येतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने घसा खवखवतो. म्हणून जुडीसोबत काकडाची आंबट फळंही घ्यायची, हे विकणारी बाई न विचारता सांगते. फुलोराच खुडला की बी धरत नाही. पुढच्या वर्षाची भिस्त कंदावर. शेवळ कुठे उगवतं, पूर्वीइतकं मिळतं का, खाडीतली कोणती मासळी कधीपासून दिसेनाशी झाली, याची उत्तरं या बायांकडे आणि मांगेला मच्छीमारांकडे आहेत.

राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्या पूर्ण करायला जानेवारी 2020 अखेरची मुदत घातली, तेव्हा अनेक ठिकाणी घाईघाईत कागद भरले गेले. गावाला न विचारता भरलेल्या वहीत विज्ञानही नसतं आणि गावही नसतं.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावची नोंदवही मागा. ती रानभाज्या विकणाऱ्या बायांना आणि जाळं टाकणाऱ्यांना वाचून दाखवा. त्यांनी सांगितलेल्या चुका दुरुस्त करायला लावा आणि राहिलेलं तिथेच लिहून घ्या.