साडेसात, साडेपाच, पावणेपाच

२४ जुलै १८८५ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यातल्या डॉज सिटी गावातून कोल्ट कंपनीच्या नावाने एक पत्र निघालं. कागद होता तिथल्या ऑपेरा हाऊस सलून या दारूच्या गुत्त्याचा आणि लिहिणारा होता बॅट मास्टरसन, त्याच भागाचा माजी शेरीफ. त्याला ४५ कॅलिबरचं, निकेलचा मुलामा दिलेलं रिव्हॉल्वर हवं होतं. स्वतःच्या वापरासाठी आहे, तेव्हा काम जरा मन लावून करा, जादा कामाचे जादा पैसे देईन, असं त्याने कळवलं. चाप अगदी हलका हवा. नेम धरायची पुढची माशी नेहमीपेक्षा थोडी उंच आणि जाड हवी. मूठ गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाची. आणि नळी? तिचं माप त्याने इंचांत दिलंच नाही. रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी जी सळई नळीच्या कडेला बसवलेली असते, तिच्याएवढी नळी ठेवा, एवढंच लिहिलं.

रिव्हॉल्वरच्या नळीच्या लांबीवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण या एका वाक्याइतकं नेमकं क्वचितच. शस्त्र कमरेला बांधून दिवसदिवस वावरणाऱ्या माणसाचं ते वाक्य आहे. गोळी किती लांब जाईल हा प्रश्न त्याने कारखान्याला विचारलेला नाही. सळईला लागते तेवढी नळी असू दे, त्यापुढचं लोखंड मला वागवायचं नाही, असा त्याचा साधा हिशेब.

ते रिव्हॉल्वर म्हणजे कोल्टचं १८७३ सालचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’. ते प्रामुख्याने तीन लांब्यांत मिळे: साडेसात इंच, साडेपाच इंच आणि पावणेपाच इंच. घोडदळासाठी सैन्याने साडेसात इंची घेतलं. १८७६च्या जूनमध्ये मूळ अमेरिकी जमातींशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकेच्या सातव्या घोडदळाकडे हेच होतं. एवढी लांब नळी पायी चालणाऱ्याला नकोशी होते, कारण बसताना ती मांडीत रुतते आणि उपसताना हात खांद्यापर्यंत वर न्यावा लागतो. घोडेस्वाराचं तसं नाही. कोल्टचं १८४७ सालचं ‘वॉकर’ तर नऊ इंची नळीचं आणि दोन किलोंच्या आसपास वजनाचं होतं. ते माणसाच्या कमरेला नव्हे, तर खोगिराच्या पुढच्या बाजूला लटकवलेल्या पाकिटात ठेवत. वजन घोडा वाहत होता, म्हणून नऊ इंच परवडले.

पुढे १८९५पासून अमेरिकी सैन्याने जुनी साडेसात इंची रिव्हॉल्वरं परत मागवून त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या. तोफखान्याच्या पलटणींना ती मिळाली, म्हणून संग्राहक त्यांना ‘आर्टिलरी’ म्हणतात. यंत्र तेच आणि कॅलिबरही तेच. फरक पडला तो ते कोण आणि कुठे बाळगणार यात.

पावणेपाचचं कारण मास्टरसनच्या पत्रातच आहे. पुंगळ्या ढकलणाऱ्या सळईचं घर जिथे संपतं, साधारण तिथेच ही नळी संपते. त्याहून आखूड करायची तर सळईच काढून टाकावी लागते. कोल्टने तशीही रिव्हॉल्वरं बनवली, पण मग बार उडाल्यावर एकेक पुंगळी काडीने किंवा खिळ्याने ढकलत बसायचं.

आता नेमाकडे वळू, कारण खरा गैरसमज इथे आहे. लांब नळीचं रिव्हॉल्वर मुळातच जास्त अचूक असतं, असं बहुतेकांना वाटतं. पण चांगल्या बनावटीचं आखूड रिव्हॉल्वर शिकंज्यात घट्ट आवळून उडवलं तर तेही गोळ्या आश्चर्य वाटावं इतक्या जवळजवळ टाकतं. लांबीचा फायदा होतो तो डोळ्याला आणि हाताला. मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात १६ सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. नेम धरताना माशी खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर २५ मीटरवर गोळी साडेपंधरा सेंटिमीटर बाजूला जाते. अंतर १० सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच चुकीने ती २५ सेंटिमीटर बाजूला जाते. हीच चूक ५ मीटरवर केली तर पहिल्यात तीन आणि दुसऱ्यात पाच सेंटिमीटर. म्हणजे खोलीच्या लांबीएवढ्या अंतरावर लांब नळीचा फायदा जवळजवळ संपतो आणि मैदानावर मात्र तोच सर्वस्व ठरतो. मास्टरसनने माशी उंच आणि जाड का मागितली असावी, याचा अंदाजही यावरून येतो. नळी आखूड झाल्यावर निदान माशी तरी चटकन डोळ्यात भरावी.

गोळीचा वेगही नळीबरोबर वाढतो, हे खरं. दारूचा धूर गोळीला ढकलत राहायला जितकी वाट मिळेल तितका वेग जास्त. पण प्रत्येक पुढचा इंच आधीच्या इंचापेक्षा कमी भर घालतो. शिवाय रिव्हॉल्वरमध्ये फिरती चकरी आणि नळी यांच्यात बारीकशी फट असते आणि तिथून थोडा दाब निसटतोच. मोजण्याची रीतही ध्यानात ठेवायला हवी. पिस्तुलाची नळी मोजताना काडतूस बसतं तो भागही धरतात. रिव्हॉल्वरची मोजताना चकरी सोडून फक्त पुढची नळी धरतात. त्यामुळे चार इंची पिस्तूल आणि चार इंची रिव्हॉल्वर शेजारी ठेवली तर रिव्हॉल्वर चांगलंच लांब दिसतं.

१९३५मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने ३५७ मॅग्नम हे जोरकस काडतूस आणलं, तेव्हा सेकंदाला १,५१५ फूट वेगाची जाहिरात केली. तो वेग पावणेनऊ इंची नळीचा होता. त्याच वर्षी, पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेले अमेरिकी सेनानी जॉर्ज पॅटन यांनी ते रिव्हॉल्वर घेतलं ते साडेतीन इंची. त्याआधी, १९१६मध्ये, त्यांनी घेतलेलं हस्तिदंती मुठीचं कोल्ट पावणेपाच इंची होतं. उलट दंतकथेला लांबीच आवडते. मास्टरसनचा डॉज सिटीतला सहकारी वायट अर्प याच्याकडे बारा इंची नळीचं ‘बंटलाइन स्पेशल’ होतं, तसंच एक मास्टरसनलाही भेट मिळालं होतं, अशी गोष्ट स्टुअर्ट लेक यांनी लिहिलेल्या अर्पच्या १९३१च्या चरित्रामुळे जगभर पसरली. त्या काळातला भक्कम पुरावा तिला नाही. स्वतःच्या पैशांनी मास्टरसनने काय मागवलं, ते मात्र कागदावर आहे.

शहर आलं, कोट आला, तशी नळी खिशात मावेल इतकी झाली. कोल्टचं १९२७चं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ दोन इंची होतं. स्मिथ अँड वेसनचं १९५०चं ‘चीफ्स स्पेशल’ही तेवढंच, पण त्यात सहाऐवजी पाचच गोळ्या. इथेही सळई आडवी आलीच. दोन इंची नळीखाली पुंगळ्या ढकलणारी सळई इतकी तोकडी पडते की पुंगळ्या अर्ध्यामुर्ध्याच बाहेर येतात. तीन इंचांत पूर्ण सळई बसू शकते. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने १९८०च्या दशकात आपल्या माणसांना तीन इंची रिव्हॉल्वर दिलं, त्यात सोय आणि उपयोग यांचा मेळ फार चांगला बसला होता असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. नवख्या माणसाला, विशेषतः बाईमाणसाला, ‘छोटंसं, हलकंसं’ रिव्हॉल्वर सुचवण्याची पद्धत चुकीची आहे. वजन कमी म्हणजे हाताला धक्का जास्त. नळी आखूड म्हणजे तोंडाशी जाळ आणि आवाज जास्त, आणि नेमातल्या चुकीला माफी कमी. पहिल्याच दोन-चार बारांना हात दचकायला शिकला की ती सवय मोडायला महिने लागतात. शिकायला चार किंवा सहा इंची, वजनदार रिव्हॉल्वरच बरं. पुढे जड असलेली नळी बार उडताना कमी उसळते.

नेमबाजीच्या खेळात तर लांबीला नियमाचंच कुंपण आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर प्रकारांत नळी १५३ मिलिमीटरपेक्षा आणि खाच ते माशी हे अंतर २२० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं ते याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात. लांबीचा फायदा सगळ्यांना सारखाच मिळावा, म्हणून ही मर्यादा.

आपल्याकडे परवानाधारकाला एवढी निवड नसते. कानपूरच्या सरकारी कारखान्यांतली रिव्हॉल्वरं ३२ कॅलिबरची. २०१४चं ‘निर्भीक’ साधारण ५०० ग्रॅमचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं. ते वेब्ली या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्वरसारखं मधून मोडून उघडतं, उघडताच पुंगळ्या आपसूक वर येतात, म्हणून तिथे सळईच्या लांबीचा प्रश्नच नाही. २०२३चं ‘प्रबळ’ ७६ मिलिमीटर, म्हणजे तीन इंची नळीचं आणि ६७५ ग्रॅमचं आहे, आणि त्याची चकरी बाजूला उघडते. कुठलंही रिव्हॉल्वर घ्यायच्या आधी ते रिकामं, तपासून घेतलेलं हातात धरावं, कमरेला लावून खुर्चीवर बसावं, उठावं, वाकावं आणि मग ठरवावं. मागाहून नळी कापून घेऊ, हा विचार मनात आणायचा नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ६ प्रमाणे बंदुकीची नळी आखूड करायलासुद्धा वेगळा परवाना लागतो.